आधी कवच उतरवा, मग भाव बोला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धुळ्यातला एक जण स्वतःकडचा अल्ट्रा मॅग्नस विकतोय, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधला, वाहनात बदलणारा खेळण्यातला रोबो, २०१९ च्या सीज मालिकेतला, लीडर या मोठ्या आकाराच्या वर्गातला. साडेसहा हजार मागतोय. फोटोत पूर्ण कवच चढवलेला रोबो ऐटीत उभा आहे. तुम्ही रविवारी अमळनेरहून बघायला जाणार, अर्धा तास हाताळायला मिळेल, आणि तेवढ्यात नेमकं काय तपासायचं ते विचारताय. चार वर्षांचा भाचा घरी येऊन-जाऊन असतो हेही लिहिलंय, त्याबद्दल शेवटी बोलतो.

मी जळगावच्या एमआयडीसीत बावीस वर्षं टूलरूममध्ये आहे. इंजेक्शन मोल्डिंगच्या डाय, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून वस्तू पाडायचे साचे बनवणं आणि बिघडलेल्या डाय दुरुस्त करणं हे दिवसाचं काम. संध्याकाळी घरी असले रोबो दुरुस्तीला येतात, त्यात सगळ्यात जास्त भरणा कवचवाल्यांचा असतो. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

पहिलं सांगणं हेच की त्या फोटोवर जाऊ नका. कवच चढवलं की रोबोचं सगळं झाकलं जातं. सैल कंबर, खांद्याजवळची चीर, पिवळी पडलेली छाती, काही दिसत नाही. वर कवचाचे तुकडे एकमेकांना टेकून उभे राहतात, त्यामुळे आतला सांधा ढिला असला तरी रोबो ताठ दिसतो. धुळ्याला पोचलात की त्या माणसाला नम्रपणे सांगा, कवच मीच उतरवतो. तो "नको, मी काढून दाखवतो" म्हणाला तरी आग्रह धरा. कुठला तुकडा किती जोराने निघतो हे हाताला कळायला हवं. अर्ध्या मूल्यमापनाचा निकाल तिथेच लागतो.

हा प्रकार कसा चालतो ते माहीत असेल तर काय बघायचं ते आपोआप सुचतं. अल्ट्रा मॅग्नस म्हणजे आत एक लहान, स्वतंत्र रोबो. तो एकटा उभा राहतो, एकटाच ट्रकचं डोकं होतो. त्याच्यावर खांदे, छाती, हात, पाय असं बाहेरचं कवच चढलं की मोठा रोबो होतो, आणि तेच कवच वाहनाच्या रूपात मागचा भाग बनतं. ही कल्पना जुनी आहे. टाकारा या जपानी कंपनीची डायाक्लोन मालिका १९८० ची. त्यातली खेळणी हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९८४ पासून अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकली आणि १९८६ साली पांढरा ट्रक नि त्याच्या ट्रेलरचं कवच अशा रूपात पहिला मॅग्नस आला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये जेटफायर हा दुसरा कवचवाला रोबो आला होता. तो मुळात शोजी कावामोरी यांनी मॅक्रॉस या जपानी कार्टून मालिकेसाठी आखलेल्या लढाऊ विमानाचा टाकातोकू कंपनीने बनवलेला साचा. त्याच्यावर लाल कवच नि पाठीवर बूस्टर चढायचे. या दोन खेळण्यांत एक मोठा फरक आहे आणि तो मला मूल्यमापनात फार महत्त्वाचा वाटतो. मॅग्नसचं कवच काढलं तर वाहन अपुरं राहतं, जेटफायरचं काढलं तरी विमान पूर्णच असतं. म्हणजे मॅग्नसमध्ये कवचाचा एक तुकडा हरवला तर दोन्ही रूपं बिघडतात. तुम्ही मॅग्नस घेताय, तेव्हा तुकड्यांची मोजणी तुमच्यासाठी जास्त कडक.

आता खुंट्यांकडे येऊ. सीज मालिकेत शस्त्रं आणि कवच ५ मिलिमीटरच्या खुंटी-भोकांवर बसतात. खुंटी भोकापेक्षा किंचित जाड असते, त्या दाबावर तुकडा टिकतो. हा "किंचित" म्हणजे मिलिमीटरचे काही शतांश, माणसाच्या केसाच्या जाडीइतका किंवा त्याहून कमी. डाय बनवताना या एका मापावर आम्ही दिवस घालवतो, कारण प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि दाणा (कच्चं प्लास्टिक) बदलला की आकसण्याचं प्रमाणही बदलतं. खुंटी जरा जाड झाली तर भोक फाटतं, जरा बारीक झाली तर कवच गळून पडतं. म्हणून तुकडा काढताना कानही उघडे ठेवा. चांगला तुकडा एकसारख्या जोराने सरकत येतो आणि शेवटी "टक्" असा बारीक, कोरडा आवाज होतो. आवाज न होता घसरून हातात आला तर भोक सैलावलंय. करकरत आला तर खुंटीवर रंग चढलाय किंवा डायच्या जोडरेषेवरचा फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेलं पातळ पापुद्र्यासारखं प्लास्टिक, तसंच राहिलंय. फ्लॅश ब्लेडने खरवडून निघतो, त्याची काळजी नको. सैल भोक मात्र भावातून कापायची गोष्ट आहे.

तुकडा ओढताना टोकाला धरू नका, खुंटीच्या जवळ धरून सरळ ओढा. तिरका ओढला की खुंटी बुडाशी वाकते, आणि विकणाऱ्याच्या घरी ती तुमच्या हातात मोडली तर वाद व्हायला नको.

निघालेल्या प्रत्येक तुकड्याचं नि प्रत्येक भोकाचं तोंड मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघा. भोकाच्या कडेला पांढरट वलय दिसलं तर तिथलं प्लास्टिक ताणलं गेलंय. गडद निळ्या-लाल भागावर ते लगेच दिसतं, पांढऱ्यावर लपतं. मॅग्नसचा आतला रोबो पांढरा, त्यामुळे टॉर्च समोरून न धरता आडवा धरा, म्हणजे चीर सावलीने उमटते.

जवळचाच एक किस्सा सांगतो. गेल्या वैशाखात भुसावळहून एक कवचवाला रोबो आला, वेगळ्या कंपनीचा. मालकाने तो पत्र्याच्या घरात कपाटावर, कवच चढवूनच, दोन उन्हाळे ठेवला होता. उजवा खांदा बाहेरून ठीक दिसत होता. मी कवच धरून ओढलं तर तुकडा निघाला, पण खुंटी आतच राहिली. भिंगाखाली बघितलं तर मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग जुना, मळकट आणि अर्धा ताजा, स्वच्छ पांढरा. म्हणजे ती निम्मी आधीच चिरलेली होती आणि कवच नुसतं टेकून उभं होतं. आत राहिलेला तुकडा काढायला मी एक बारीक स्क्रू पक्कडीत धरून मेणबत्तीवर तापवला, खुंटीच्या मधोमध हलकेच रुतवला, पूर्ण गार होऊ दिला आणि सरळ ओढला. न घाबरता, न घाई करता केलं की खुंटी स्क्रूबरोबर अख्खी येते. मग दोन्ही बाजूंना हातड्रिलने एक मिलिमीटरचं भोक पाडून मधे पितळी तार घातली आणि चिकटवलं. तो खांदा आजही टिकून आहे. पण ते भोक थोडं जरी वाकडं पडलं असतं तर कवच कायमचं तिरपं बसलं असतं. मोडलेली खुंटी दुरुस्त होते, तरी तिची किंमत लावताना या कामाची जोखीम धरायलाच हवी.

उन्हाळ्याचं इथे वेगळं सांगतो, कारण परदेशातल्या संग्राहकांचे सल्ले आपल्या हवेला पुरत नाहीत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखाली नि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. या खेळण्यांचं मुख्य प्लास्टिक एबीएस. ते शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात वितळत नाही. पण दाबाखाली असलेलं प्लास्टिक गरमीत हळूहळू सैल पडतं, दाब सोडून देतं. खुंटी भोकात घट्ट बसलेली, वर दोन महिने उकाडा, की भोक त्या ताणाला सरावतं आणि थंडीत बघावं तर पकड गेलेली. लोकांना वाटतं वापरून सैल झालं. खरं म्हणजे न वापरता, कवच चढवून ठेवल्यामुळे झालेलं असतं. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा, की तुम्ही हा कसा नि कुठे ठेवत होतात? "खोक्यात, कवच काढून, आतल्या खोलीत" असं उत्तर आलं तर दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. "शोकेसमध्ये, खिडकीसमोर" असं आलं तर सावध व्हा. ऊन थेट लागलं असेल तर पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, आणि कवचाखाली झाकलेला भाग पांढराच राहतो. कवच उतरवल्यावर छातीवर बनियनच्या खुणेसारखा दोन रंगांचा ठसा दिसला, तर त्या रोबोने ऊन खाल्लंय.

कवच पूर्ण उतरलं की आतला रोबो एकटा टेबलावर उभा करा आणि दोन मिनिटं हात लावू नका. कवच म्हणजे शेवटी ओझं आहे. ते पेलतात तीन जागा: घोटे, खुबे आणि खांदे. आतला रोबो स्वतःच्या वजनाला झुकत असेल तर कवचासकट तो आठवडाभरही धड उभा राहायचा नाही. खुब्याला आणि खांद्याला रॅचेट (दात्यांवर टप्प्याटप्प्याने अडणारा सांधा) आहे की नुसत्या घर्षणाचा सांधा आहे ते हळू फिरवून बघा. रॅचेट असेल तर प्रत्येक टप्प्यावर खटका जाणवेल. दोन्ही बाजूंचे खटके मोजा, एका बाजूला खटका घसरत असेल तर आतला दाता झिजलाय आणि तो घरी दुरुस्त होत नाही. घर्षणाचा सांधा सैल असेल तर तो बहुतेक वेळा सुधारतो. वाटीत फिरणारा बॉल-सांधा असेल तर बॉलवर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, रात्रभर सुकवायचा, मग बसवायचा. काही जण चिकटवायचं इन्स्टंट ग्लू लावतात. मी लावत नाही, कारण तो पुरता सुकायच्या आत सांधा बसवला तर कायमचा जाम होतो. स्क्रूचा सांधा असेल तर आधी स्क्रू पाव फेरा आवळून बघावा. मी टूलरूममधला माणूस, मला हत्यार हातात घ्यायची सवय, तरी सांगतो, विकणाऱ्याच्या घरी स्क्रूड्रायव्हर काढू नका.

मग कवच परत चढवा. या वेळी एकेक तुकडा चढवल्यावर थांबा आणि हात बाजूला नव्वद अंश उचला. पूर्ण कवच चढलं, हातात बंदूक दिली, की हात आडवा उचलून ठेवा आणि दहा मिनिटं त्या माणसाशी गप्पा मारा. चहा आला तर उत्तम. दहा मिनिटांत हात बोटभर खाली आला असेल तर घरी तो सकाळपर्यंत मांडीला लागेल. पायांसाठी एक पट्टी किंवा वही तिरपी धरा, तिच्यावर रोबो उभा करा. घोटा बाजूला झुकत असेल तर तळवा पट्टीला पूर्ण टेकेल. तळवा एका कडेवर उचलला जात असेल तर कवचाचा पाय घोट्याला अडवतोय. ही अडवणूक कधीकधी रचनेतलीच असते, त्या नगाचा दोष नसतो. मग तुमची आवड कशी आहे ते बघा. निरनिराळ्या पवित्र्यांत उभा करायचा असेल तर खटकेल, नुसता ताठ ठेवायचा असेल तर काहीच बिघडत नाही.

यापुढची पायरी बहुतेक जण टाळतात, कारण वेळ जातो: त्याचं वाहन करून बघा. विकणाऱ्याला त्याची पुस्तिका मागा. नसेल तर घरूनच दुसऱ्या कुणाचं रूपांतराचं चित्रण बघून जा, पायऱ्या पाठ करा. रूपांतर करताना जोर लागला की थांबायचं, नव्वद टक्के वेळा आपणच एखादी पायरी विसरलेलो असतो. वाहन झालं की दोन गोष्टी बघा. एक, कवचाचा प्रत्येक तुकडा कुठेतरी बसलाय का, की एखादा टेबलावर उरलाय? उरला तर एकतर चुकीचा बसवला, नाहीतर बाकी काही तरी हरवलंय. दोन, वाहन एका बाजूने अलगद उचला. मधली जोडणी उघडली, फट पडली, तर पकडीच्या खुंट्या गेल्या. काही संग्राहकांना कवच काढून-लावून होणारं रूपांतर पसंत नसतं. सगळं एकाच अंगात मिटलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. तुकडा काढला तरी त्याला दोन्ही रूपांत नक्की जागा असेल आणि तो तिथे घट्ट बसत असेल, तर रचनाकाराने आपलं काम चोख केलंय. वाईट तेव्हा, जेव्हा उरलेला तुकडा कुठे ठेवायचा ते पुस्तिकेतही नसतं.

सीजच्या खेळण्यांवर चंदेरी ओरखड्यांसारखा रंग मुद्दाम मारलेला असतो, लढाईतल्या खुणा म्हणून. त्याला झीज समजून भाव पाडू नका, विकणारा जाणकार असेल तर त्याला वाईट वाटेल. खरी झीज दिसते कवचाच्या आतल्या बाजूला, जिथे ते छातीवर घासतं. तिथला रंग दुसऱ्या भागावर उतरलेला असतो.

नकली माल ओळखायचा तर वासाने सुरुवात करा. स्वस्त, भेसळीच्या दाण्याचं प्लास्टिक खोकं उघडताच उग्र वास मारतं. मग कंपनीची नावं नि देशाचं नाव कोरलेली बारीक अक्षरं शोधा, बहुधा पायाच्या मागे किंवा तळव्याखाली असतात. अक्षरांच्या कडा धारदार हव्यात. नकली डाय मूळ खेळण्यावरून छापा घेऊन बनवलेली असते, त्यामुळे बारीक अक्षरं नि कोपरे बोथट होतात आणि मापं किंचित आकसलेली येतात. आठवतंय ना, ५ मिलिमीटरची खुंटी? नकलीत ती हमखास चुकते. जमलं तर व्हर्निअर (जाडी मोजायचं हत्यार) बरोबर न्या. खऱ्या खुंटीचं माप पाचच्या अगदी जवळ येतं, चार-पाच खुंट्यांचं एकसारखं येतं. एक पाच, एक पावणेपाच असं आलं तर नमस्कार करून उठा.

घरी आणल्यावर एक युक्ती उपयोगी पडेल. कुठला तुकडा कुठल्या प्लास्टिकचा ते कळलं तर चिकटवणं सोपं जातं. पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला आणि धातू नसलेला, पोकळी नसलेला सुटा तुकडा त्यात सोडा. एबीएस तरंगतं, पीओएम बुडतं. आम्ही कारखान्यात मिसळलेला भुगा असाच वेगळा करतो. पीओएम म्हणजे ते मेणासारखं गुळगुळीत प्लास्टिक, सतत फिरणाऱ्या सांध्यात वापरतात. त्याला कुठलाच नेहमीचा ग्लू धरत नाही, रंगही धरत नाही, तिथे तार घालूनच सांधावं लागतं. पारदर्शक भाग बहुधा पॉलीकार्बोनेटचे. त्यांना खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल चुकूनही लावू नका, ताणाच्या जागी बारीक तडे जातात. सांधा जड असेल तर सिलिकॉनचं तेल, तेही काडीच्या टोकाने. गोलाणी मार्केटात मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानात ते मिळून जातं. वाकलेली मऊ शस्त्रं गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा.

आता भाव. साडेसहा हजार हा आकडा पूर्ण, घट्ट, पिवळा न पडलेल्या आणि पुस्तिकेसकट असलेल्या नगाला मी देईन. मूठ, हेल्मेट किंवा बंदूक यांतलं एक जरी नसेल तर हजार-दीड हजार कमी बोला, कारण सुटा तुकडा मिळवायचा तर बाहेरून मागवावा लागतो आणि पोस्टाचा खर्च तुकड्यापेक्षा जड होतो. सैल बॉल-सांध्यांसाठी पाचशे कापा, ते तुम्ही स्वतः एका रात्रीत सुधाराल. खांद्याची किंवा खुब्याची मोडकी खुंटी असेल तर मी घेणार नाही, दोन हजार कमी केले तरी. मॅग्नसचं सगळं ओझं तिथेच येतं.

भाच्याचं. चार वर्षांच्या पोऱ्याला हा खेळायला देऊ नका. हे नग मोठ्या मुलांसाठी आणि संग्राहकांसाठी असतात, कवचाच्या मुठी नि बंदुकीचे तुकडे घशात अडकण्याएवढे लहान आहेत. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. २०१९ चा हा नग त्याआधीचा, तेव्हा त्याच्यावर ते नसणार असं धरून चाला. भाचा येणार असेल त्या दिवशी आतला रोबो वर उचलून ठेवा, कवच डब्यात. तसंही उन्हाळ्यात कवच उतरवूनच ठेवायचंय. डब्यात प्रत्येक तुकडा कागदात गुंडाळा, मऊ रबरी शस्त्रं एबीएसला चिकटू देऊ नका, त्यांतलं तेल पाझरून रंगाला डाग पाडतं.

रविवारी निघण्याआधी त्या माणसाकडून एकच फोटो मागवून घ्या: कवच पूर्ण उतरवलेला, सगळे तुकडे पांढऱ्या चादरीवर मांडलेले. तो पाठवायला तयार नसेल तर धुळ्याचं तिकीट वाचवा. पाठवला तर मला दाखवा, किती तुकडे आहेत ते मी मोजून सांगतो.